चौकटीची कड

घरांतील वस्तूंची माणसाला इतकी संवय होऊन जाते कीं, त्या आपल्याशीं खोटें बोलत असतील अशी शंकाहि सहसा त्याच्या मनाला शिवत नाहीं. भिंतीवरचें घड्याळ पांच मिनिटें पुढें आहे हें आपण ध्यानांत ठेवतों. वाण्याच्या काट्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहतों. परंतु दिवाणखान्यांत मानाच्या जागीं बसविलेल्या टीव्हीच्या कांचेवर जें दिसतें तें, जसें आलें तसेंच दिसत असलें पाहिजे, अशी आपली भाबडी समजूत असते. आमचीहि गेल्या दिवाळीपर्यंत तीच समजूत होती. तीन हात लांबीच्या एका केबलनें ती दूर केली. त्या केबलची हकीकत सांगण्यासाठींच आज लेखणी हातीं घेतली आहे.

निमित्त झालें तें आमच्या कन्येच्या लग्नाचें. लग्न ठरलें आणि घरांत याद्यांचें राज्य सुरू झालें. अशा दिवसांत सर्वांनाच मागचीं लग्नें आठवूं लागतात. एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर कन्येनें विचारलें, "बाबा, तुमच्या लग्नाची ती फिल्म आहे ना अजून? बघूं या का?"

आमचें लग्न १९९४ सालीं सांगलीस झालें. खांद्यावर भला मोठा कॅमेरा घेतलेला व्हिडिओवाला आणि त्याच्यामागें डोळे दिपविणारा दिवा धरून उभा असलेला एक पोऱ्या, ही जोडी मांडवांत नसली तर लग्न यथासांग झालें असें त्या काळीं कोणी मानीत नसे. त्या व्हिडिओवाल्यानें दिलेली व्ही. एच. एस. कॅसेट आम्हीं वर्षानुवर्षें कपाटांत दागिन्यांच्या शेजारीं जपून ठेविली होती. पहिलीं दहा-बारा वर्षें ती वर्षांतून एकदां तरी लागे. पुढें ती वाजविणारें यंत्र बिघडलें, आणि नवें यंत्र बाजारांत मिळेनासें झालें. फितीला बुरशी लागेल या धास्तीनें आम्हीं ती एका दुकानांतून पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. आणि जतन केलेल्या वस्तूंचें बहुधा जें होतें तेंच तिचेंहि झालें. ती पुन्हां कोणीं पाहिली नाहीं.

तो पेनड्राइव्ह कन्येनें टीव्हीच्या पाठीमागें खोंचला. चित्र सुरू झालें आणि सगळेच हिरमुसले. आमचे सासरे हयातभर काठीसारखे शिडशिडीत होते; ते कांचेवर एखाद्या सावकारासारखे आडवे पसरले होते. भटजींचा चेहरा मेण लावून गुळगुळीत केल्यासारखा दिसत होता. शालूच्या कांठाभोंवतीं एक पांढरी रेघ उगीचच चमकत होती. कोणीं हात हलविला कीं त्या हाताच्या मागें त्याचें भूत फिरत होतें. दुसरे दिवशीं आम्ही संच घेतला त्या दुकानीं गेलों. दुकानदारानें आमचें म्हणणें पुरतें ऐकूनहि घेतलें नाहीं. "फाइल जुनी आहे, सर, तिला कोण काय करणार? हवं तर मोठा फोर-के सेट घ्या. तो चित्र आपोआप सुधारतो," असा त्यानें तोडगा सुचविला. चष्म्याचा नंबर चुकला असतां डोळेच बदलावयास सांगण्यापैकीं हा प्रकार होता.

घरीं येऊन ही गोष्ट सांगतांच कन्या हंसली. "बाबा, सुधारणंच तर बंद करायचं आहे," असें म्हणून तिनें आपला लॅपटॉप आणला, सपाट तोंडाची एक काळी केबल काढली, आणि तिचें एक टोंक लॅपटॉपच्या कुशींत व दुसरें संचाच्या पाठीमागें घातलें. हिला एच. डी. एम. आय. केबल म्हणतात. चित्र आणि आवाज दोन्ही हिच्यांतून अंकांच्या रूपानें जातात. पूर्वींच्या निळ्या तोंडाच्या, पंधरा पिनांच्या केबलमधून चित्र विजेच्या चढउताराच्या रूपानें जाई व वाटेंत थोडें तरी पुसट होई. तसें हिच्यांत होत नाहीं. केबल लागली म्हणजे काम झालें अशी आमची कल्पना. पण पाहतों तों काय! लॅपटॉपच्या पडद्यावरची सगळी मांडणी टीव्हीवर आली खरी. परंतु खालची पट्टी निम्मी कापलेली, कोपऱ्यांतलें घड्याळ अर्धेंच, आणि डावीकडच्या नांवांचीं पहिलीं अक्षरें गायब. जीं अक्षरें उरलीं तींहि धुक्यांतून पाहिल्यासारखीं.

"हें तुझ्या कॉम्प्युटरमुळं कीं टीव्हीमुळं?" आम्हीं विचारलें.

"टीव्हीमुळं. तो चारी बाजूंनीं कडा खातो."

कडा खातो! हें वाक्य आमच्या मनांत घर करून बसलें. प्राध्यापकाच्या अंगीं दुसरा कोणताहि गुण नसला तरी एखाद्या गोष्टीचें मूळ शोधीत बसण्याची खोड असते. त्या खोडीला अनुसरून आम्हीं पुढील दोन-चार दिवसांत जें समजून घेतलें तें थोडक्यांत असें.

टीव्हीची जुनी कांच म्हणजे एका मोठ्या निर्वात नळीचें तोंड. ही नळी कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञानें १८९७ सालीं तयार केली. लंडनमध्यें जॉन लोगी बेअर्ड यानें १९२६ च्या जानेवारींत विद्वान् मंडळींपुढें जें दूरचित्र दाखविलें तें फिरत्या तबकडीचें, अवघ्या तीस रेघांचें होतें. परंतु पुढें टिकली ती ब्राउनची नळीच. तिच्या बुडाशीं इलेक्ट्रॉनांचा झोत निघे. लोहचुंबकाच्या ओढीनें तो डावीकडून उजवीकडे आणि वरून खालीं वळत जाई, व रेघेखालीं रेघ ओढीत कांचेच्या आंतल्या बाजूस चित्र उमटवी. आपल्या देशांत जी पद्धत आली तींत एकंदर रेघा ६२५, त्यांतल्या चित्राच्या ५७६, आणि सेकंदाला चित्रें पंचवीस. आतां हा झोत कांचेवर कोठपर्यंत पोंचेल हें विजेच्या दाबावर आणि नळीच्या वयावर अवलंबून. दाब उतरला कीं चित्र आक्रसे.

मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें आणि १९८२ सालीं दूरदर्शनला रंग आले. त्या दहा वर्षांत ज्यांचें बालपण गेलें त्यांना टीव्हीच्या शेजारीं गुरगुरत बसलेला स्टॅबिलायझर खचित आठवत असेल. संध्याकाळीं साऱ्या आळींत दिवे लागले कीं चित्राभोंवतीं काळी चौकट डोकावूं लागे, आणि घरांतील कर्ता पुरुष मोठ्या अधिकारानें उठून त्या डब्याचा खटका फिरवी. ही काळी चौकट गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर येऊं नये म्हणून कारखानदारांनीं एक साधी युक्ति योजिली होती. चित्र मुळांतच कांचेहून थोडें मोठें काढावयाचें! चारी बाजूंस शेंकडा पांचांच्या आगेंमागें चित्र चौकटीआड फुकट जाई. पण कांच कशी सदा भरलेली दिसे. या युक्तीला ओव्हरस्कॅन असें नांव आहे. कॅमेरेवाल्यांनाहि ती ठाऊक असल्यामुळें महत्त्वाचें माणूस आणि महत्त्वाचीं अक्षरें ते मध्याकडे ठेवीत. कडेला जें असेल तें बिनमहत्त्वाचें, असा जणूं दोन्ही पक्षांत मुका करार झालेला होता.

पुढें नळी गेली. आतांच्या सपाट पडद्यांत झोत नाहीं आणि आक्रसणेंहि नाहीं. आमच्या संचाच्या कांचेमागें आडवे १९२० आणि उभे १०८०, असे २०,७३,६०० ठिपके जागच्या जागीं कायमचे बसविलेले आहेत. विजेचा दाब कितीहि खालींवर झाला तरी त्यांतला एकहि ठिपका तसूभर सरकत नाहीं. म्हणजे कडा कापण्याचें कारण उरलें नाहीं. रीत मात्र उरली. अजूनहि कित्येक संच आलेल्या चित्राच्या कडा कापतात आणि उरलेलें चित्र ताणून कांचभर करतात. असें ताणलें कीं लॅपटॉपनें धाडलेला एक ठिपका कांचेच्या एका ठिपक्यावर नेमका बसत नाहीं. थोडा ह्याच्यावर, थोडा त्याच्यावर असा सांडतो. अक्षरें धुक्यांत गेल्यासारखीं दिसत होतीं तीं याच कारणानें. कारण मरून जावें आणि रीत मागें राहावी, हा प्रकार यंत्रांतहि असतो हें पाहून आम्हांस मौज वाटली. माणसांत तो असतो हें ठाऊकच होतें.

इतकें समजल्यावर पुढचें काम सोपें होतें. कन्येनें रिमोट हातीं घेऊन संचाच्या पोटांतल्या याद्या एकामागून एक उघडल्या. चित्राच्या आकाराच्या सदरांत एक नांव असतें. कोणी कारखानदार त्याला 'जस्ट स्कॅन' म्हणतो, कोणी 'स्क्रीन फिट' म्हणतो, अर्थ एकच: आलेलें चित्र आहे तेवढेंच दाखीव. तें निवडतांच खालची पट्टी वर आली, घड्याळ पुरतें दिसूं लागलें, आणि अक्षरें नुकतीं छापून काढल्यासारखीं ठसठशीत झालीं. केबल ज्या जागीं लावली होती त्या जागेला तिनें 'पी. सी.' असें नांव दिलें; त्या नांवानें आमचा संच समजला कीं, येणारें चित्र कॉम्प्युटरचें आहे, त्याच्या रंगांत काटछाट करावयाची नाहीं.

मग आली 'शार्पनेस'ची पाळी. हा अंक जितका मोठा तितकें चित्र रेखीव, असें आम्ही आजवर धरून चाललों होतों व वेळोवेळीं तो वाढवीतहि होतों. वस्तुतः त्यानें चित्रांत नसलेला तपशील कोठून येणार? संच फक्त प्रत्येक वस्तूच्या कडेनें एक उजळ रेघ ओढतो, आणि त्या रेघेला आपण रेखीवपणा समजतों. शालूच्या कांठाभोंवतीं चमकत होती ती हीच रेघ. आमच्या संचांत हा अंक शून्यावर आणावा लागला. चेहऱ्यांना मेण लावण्याचें काम दुसऱ्या एका सोयीचें होतें; जुन्या फितीवरचे बारीक कण पुसून टाकण्यासाठीं ती ठेविलेली असते, आणि कणांबरोबर सुरकुत्याहि पुसून टाकते. तिसरी सोय सेकंदाच्या पंचवीस चित्रांमध्यें आपल्या पदरचीं नवीं चित्रें घालून हालचाल लोण्यासारखी मऊ करते. हातामागें भूत फिरत होतें तें हिच्यामुळें. ह्या दोन्ही सोयी बंद झाल्या.

राहिला काळा रंग. आमचा लग्नांतला काळा कोट राखेंत लोळल्यासारखा दिसत होता. त्याचें कारण असें कीं, टीव्हीच्या जगांत काळ्याचा अंक सोळा आणि पांढऱ्याचा दोनशें पस्तीस, तर कॉम्प्युटरच्या जगांत काळ्याचा शून्य आणि पांढऱ्याचा दोनशें पंचावन्न. एकानें एका मापानें धाडावें आणि दुसऱ्यानें दुसऱ्या मापानें मोजावें, म्हणजे काळ्याचा राखी होतो किंवा राखीचा काळा. दोन्हींकडे एकच माप ठरवून देतांच कोट काळा झाला. शेवटीं लॅपटॉपच्या बाजूस दोन गोष्टी केल्या. जुन्या पद्धतींत प्रत्येक चित्र दोन हप्त्यांनीं येई. आधीं एकाआड एक रेघा, मग मधल्या. ते दोन्ही हप्ते आतांच्या पडद्यावर एकदम दिसले कीं हलणाऱ्या वस्तूच्या कडेला फणीचे दांते उमटतात; ते जुळवून घेण्याची सोय तिनें चालू केली. आणि चित्राची रुंदी व उंची यांचें मूळचें चारास तीन हें प्रमाण कायम केलें. दोन्ही बाजूंस काळे पट्टे सोडून चित्र मधोमध उभें राहिलें, आणि आमचे सासरे पुन्हां शिडशिडीत झाले.

या सगळ्या खटाटोपांत चित्रांत नवी भर अशी कांहींच पडली नव्हती, हें आमच्या ध्यानांत येऊन गंमत वाटली. जें जें केलें तें बंद करण्याचें. तीस वर्षें आम्ही विद्यार्थ्यांचे निबंध तपाशीत आलों आहों. एखाद्याच्या ओबडधोबड वाक्याला इकडे विशेषण लाव, तिकडे अलंकार चढीव, असें करतां करतां शेवटीं तें वाक्य आमचें होऊन जातें आणि पोराचें त्यांत कांहीं उरत नाहीं, हा अनुभव आम्हांस नवा नव्हता. टीव्हीच्या पोटांतहि कोणी तरी आमच्याच जातीचा परीक्षक बसविलेला आहे, एवढेंच नव्यानें कळलें.

चित्र फार स्वच्छ झालें असें मात्र कोणी समजूं नये. आमच्या पेनड्राइव्हवरच्या चित्रांत आडवे ७२० आणि उभे ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके. कांचेवरच्या ठिपक्यांचा बरोबर पांचवा हिस्सा. सारी कांच भरावयाची तर पांचांतले चार ठिपके संचाला अदमासानेंच रंगवावे लागणार. त्यांतून व्ही. एच. एस. फितीवर मुळांत नोंदलें गेलें तें याहूनहि कमी. जुनें तें जुनेंच राहिलें; रंग थोडे सांडलेले, कण नाचत असलेले. तळाशीं तर फितीची एक फडफडणारी रेघ दिसूं लागली. ती जुन्या संचानें जन्मभर लपवून ठेविली होती. पण माणसें माणसांसारखीं दिसूं लागलीं. आमच्या वडिलांच्या कपाळावरची जखमेची खूण दिसली, आणि सौभाग्यवतींच्या मामांच्या टोपीला लागलेला हळदीचा डागहि दिसला. फिल्म पहिल्यापासून लावली, दिवे मालवले, आणि आम्ही तिघें पाहूं लागलों.

मंगलाष्टकें संपून अक्षता पडतात त्या प्रसंगाविषयीं आमच्या घरांत एक जुना विनोद होता. व्हिडिओवाला त्या वेळीं स्टुलावर चढून सारा मांडव एका नजरेंत दाखवितो. तेव्हां चौकटीच्या डाव्या कडेला, कार्यालयाच्या खांबापाशीं, एक हात वर येई, अक्षता टाकी आणि खालीं जाई. हात बाईचा होता एवढें कळे. बाई कोण तें दिसत नसे, कारण चौकट तेथेंच संपे. कन्या लहान असतांना "तो हात आला!" म्हणून टाळ्या पिटीत असे. कोणी म्हणे, ती कार्यालयांतली भांडीवाली असेल. कोणी म्हणे, वधूपक्षाकडची कोणी लाजरी पाहुणी असेल. 'बेवारशी हात' असें त्याचें नांवच पडून गेलें होतें.

त्या रात्रीं हात आला. आणि त्याच्या पाठोपाठ खांदा आला, डोक्यावरून घेतलेला पदर आला, आणि पदराखालचा चेहराहि आला.

"अहो," सौभाग्यवती एकदम म्हणाल्या, "ह्या तर आत्याबाई!"

आत्या म्हणजे आमच्या वडिलांची थोरली बहीण. वयाच्या बाविसाव्या वर्षीं वैधव्य घेऊन ती माहेरीं आली आणि उरलेलें आयुष्य तिनें आमच्या घरीं काढलें. आम्हांस लहानाचें मोठें केलें तें तिनें. आमच्या एम. ए. च्या परीक्षेच्या वेळीं ती पहाटे चारला उठून चहा करी, आणि आम्हीं पुन्हां अंथरूण धरूं नये म्हणून समोर वाती वळीत बसून राही. लग्नाच्या दिवशीं, मुहूर्त जवळ आला तशी ती कोठीघरांत जाऊन बसली. बोहल्यावर चढण्यापूर्वीं आम्ही तिच्या पायां पडावयास गेलों.

"आत्या, बाहेर चल ना," आम्ही म्हणालों.

"नको रे. मी आहे ना इथं. इथून सगळं ऐकूं येतं."

आम्ही एकदांच म्हणालों. दुसऱ्यांदा म्हणालों नाहीं. स्त्रियांच्या परवशतेवरचा मिलचा ग्रंथ आम्हीं तोंपर्यंत वाचलेला होता, इतकेंच नव्हे तर त्याच्यावर टिपणेंहि काढलेलीं होतीं. परंतु भटजी हांका मारीत होते, घड्याळ पुढें धांवत होतें. आणि खरें सांगावयाचें तर, ती बाहेर आली असतां कोणी कांहीं बोलेल काय, ही भीति आमच्याहि मनांत होती. आत्या २००३ सालीं वारली. जिनें आम्हांस वाढविलें तिनें आमचें लग्न भिंतीआडून ऐकलें, ही रुखरुख त्यानंतर आमच्या मनांतून कधीं गेली नाहीं; आणि तिच्याविषयीं आम्ही घरांतहि कधीं बोललों नाहीं.

ती बाहेर आली होती. कोठीघराच्या उंबऱ्यावर एक पाय आंत आणि एक बाहेर ठेवून, डाव्या हातानें पदर तोंडाशीं धरून ती उभी होती, आणि उजव्या हातानें अक्षता टाकीत होती. कन्येनें चित्र थांबविलें, मग एकेक करून पुढें नेलें. आत्या दिसते तीं चित्रें पंचाहत्तर भरलीं; म्हणजे तीन सेकंद. नंतर ती आंत वळते.

कन्येनें तिला कधीं पाहिलें होतें तें अगदीं लहानपणीं. बराच वेळ ती त्या थांबलेल्या चित्राकडे पाहत होती. मग म्हणाली, "बाबा, हल्लीं ए. आय. नं असा चेहरा स्पष्ट करतां येतो. करूं का?"

मोह झाला, नाहीं असें नाहीं. पण मनाशीं हिशेब केला. जुन्या संचानें कापलेली ती कड ७२० पैकीं जेमतेम छत्तीस ठिपक्यांची. आत्याचा चेहरा त्यांतल्या दहापंधरा ठिपक्यांत मावलेला. त्यांत नाक आहे, डोळ्यांच्या जागीं दोन सावल्या आहेत, बस्स. बाकीचें जें भरावयाचें तें यंत्रानें पाहिलेल्या इतर हजारों बायकांच्या चेहऱ्यांवरून भरणार. तो चेहरा देखणा होईल, रेखीव होईल, कदाचित् आत्यासारखाहि होईल. पण तो तिचा नसेल. आम्हीं नको म्हटलें. पदर तोंडाशीं धरण्याची ती लकब तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाची नव्हती, आणि ओळखण्यास तेवढी पुरेशी होती.

रात्रीं झोंप आली नाहीं. आधीं समाधान वाटलें कीं, तिनें लग्न पाहिलें. मग टीव्हीचा राग आला कीं, त्यानें इतकीं वर्षें तिला कापून टाकलें. आणि मग, पहाटेच्या सुमारास, तो रागहि टिकेना. कारण संचानें कापला तो चेहरा. हात कापला नव्हता. हात आम्ही दरवेळीं पाहत होतों. त्या मांडवांत बायकांचे शेंकडों हात वर आले होते, आणि प्रत्येक हातांत कोपरापर्यंत चुडे नाहींत तरी चार हिरव्या बांगड्या होत्याच. ह्या एकाच हातांत कांहीं नव्हतें. लग्नमंडपांत, कोठीघराच्या बाजूस, मनगट उघडें असलेली बाई कोण असूं शकेल, हें ओळखावयास कोणतीहि केबल लागत नव्हती. आम्ही त्या हाताला हंसत होतों. शेंकडा पांच चित्र यंत्रानें कापलें असेल. उरलेलें पाहण्याचें काम आमचें होतें.

ती केबल अजून संचामागें लोंबत आहे. चित्र इतकें बरें कशानें झालें, असें शेजारीपाजारी विचारतात. आम्ही त्यांना चार सूचना लिहून देतों, आणि नवा संच घेण्यापूर्वीं जुन्याच्या कडा तपासा असें सांगतों. कन्येचें लग्न येत्या वैशाखांत आहे. परवां आमच्या थोरल्या वहिनी कार्याच्या तयारीस हातभार लावावयास आल्या. आमचे बंधु जाऊन आतां कांहीं वर्षें झालीं. सौभाग्यवती कामांची वांटणी लिहून काढीत होत्या. वहिनी आपण होऊन म्हणाल्या, "मुहूर्ताच्या वेळीं कोठीकडे मी बघेन. तुम्ही सगळे निर्धास्त बाहेर राहा."

सौभाग्यवतींनीं यादींतून मानहि वर केली नाहीं. त्या म्हणाल्या, "या वेळीं कोठीला कुलूप लावायचं आहे, वहिनी."